शेंदरी फूल

कळंबच्या घरामागं शिवकन्यानं ब्रुगमॅन्सियाची, भोंग्यासारखी फुलं खाली लोंबणारी दोन झाडं वाढवली होती, एक पांढरं आणि एक गुलाबी. एकाचा पराग ब्रशनं दुसऱ्याला लावून तिनं बी धरलं. दोन वर्षांनी त्या बियाच्या झाडाला पहिलं फूल लोंबलं. शेंदरी.

तिची लेक समृद्धी तीन वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलली नव्हती. आठवडाभर मात्र दिवेलागणीला ती त्या फुलाच्या भोंग्याला कान लावून उभी राहायची.

"धोतऱ्याची जात हाय ती. तोंडात घातली म्हंजी?" सासूबाई म्हणाल्या.

"तोंडात न्हाय घालत, आत्या. नुसतं ऐकती. ऐकल्याबिगर लेकरू बोलंल कसं?"

आज वारा पडला होता, तरी फूल हलत होतं. कुणीतरी काही समजावून सांगावं, तशी समृद्धी मान डोलवत होती.

पोरीचे ओठ हलले, तसा शिवकन्याचा जीव कानात गोळा झाला. ती हलकेच शेजारी बसली. "बोल गं, माझी बाय."

समृद्धीनं आईकडं पाहिलं नाही. फुलात तोंड घालून ती स्वच्छ म्हणाली,

"व्हय. आई निजली की येते."