यादीतलं शेवटचं वाक्य

"नऊच आहेत, सर."

निकितानं तिसऱ्यांदा मोजून मान वर केली. टेबलावर कोऱ्हाळे बुद्रुकचे संभाजीराव भुलीत होते. त्यांच्या आतड्याला पडलेला पीळ सोडवून झाला होता. आता पोट शिवायचं, एवढंच राहिलं होतं. डॉक्टर इंद्रजितच्या हातात सुई होती.

"दहा मॉप घेतले होते," निकिता म्हणाली. "परत नऊ आले."

मॉप म्हणजे रक्त टिपायचं जाड कापड. एकदा भिजलं की पोटात शोधूनही दिसत नाही.

"आधी मोजताना चुकली असशील."

"मी आणि रेश्मा सिस्टर, दोघींनी मोजलेत. फळ्यावर लिहिलंय."

रेश्मानं टेबलाखाली पाहिलं, बादली उपडी केली. काही नाही. डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "बीपी उतरतंय, इंद्रजित. आवर लवकर."

"ऐकलंस? मी शिवतोय. लागलंच तर उद्या एक्स-रे काढू."

इंद्रजित पुण्याहून शिकून येऊन सहा महिने झाले होते. दवाखाना उभा करणाऱ्या डॉक्टर आप्पासाहेबांचा एकुलता एक मुलगा. उद्या हा सगळा दवाखाना त्याचाच होणार होता.

समोरच्या भिंतीवर यादी लावलेली होती. ऑपरेशनआधी रुग्णाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून विचारा. कुठल्या बाजूचं ऑपरेशन, ते विचारा. खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगा. सगळे म्हणायचे, साहेबांनी ती परदेशातल्या कुठल्याशा परिषदेतून आणली. निकिताला ती पाठ होती. शेवटचं वाक्य मात्र चार वर्षांत तिला कधी वापरावं लागलं नव्हतं. मोजणी जुळली नाही तर सिस्टरनं 'थांबा' म्हणावं, आणि डॉक्टरनं थांबावं.

"थांबा," निकिता म्हणाली.

इंद्रजितनं तिच्याकडे पाहिलं. मास्कच्या वरचे डोळे लाल झाले होते.

"काय म्हणालीस?"

"थांबा, सर."

मग इंद्रजितनं सुई खाली ठेवली आणि हात पुन्हा पोटात घातला. एक मिनिट गेलं. दोन गेली. डाव्या बरगड्यांच्या खाली, पार मागच्या बाजूला त्याची बोटं थबकली. त्यानं हात बाहेर काढला. मुठीएवढा लाल गोळा ट्रेमध्ये पडला.

"दहा," निकिता म्हणाली. रेश्मानं फळ्यावर बरोबरची खूण केली.

दुपारी संभाजीराव शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. त्याच वेळी निरोप आला, आप्पासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय.

बाहेरच्या बाकावर ठमाबाई बसली होती. जळोचीच्या मळ्यातली मेथी बाजारात घालून ती लेकीचा डबा द्यायला यायची. लेकीचा चेहरा बघून ती उठली. पोटावर हात दाबून, हळूच. निकिताला आठवतं तेव्हापासून ती तशीच उठायची.

"काय झालं गं?"

"साहेबांनी बोलावलंय. मी इंद्रजित सरांना सगळ्यांसमोर थांबवलं, आई."

"मोजणी चुकली व्हती?"

"एक कमी होता. सापडला."

ठमाबाईनं डबा बाकावर ठेवला. "मग भ्यायचं कशापाई? चल, मी बी येती."

निकिताला नर्स करायचा हट्ट आईचाच. मामा म्हणत होता, पोरीला डीएड कर, शाळेत लागंल. आईनं कुणाचं ऐकलं नाही आणि तिला इंदापूरला नर्सिंगलाच घातलं.

केबिनमध्ये इंद्रजित मान खाली घालून बसला होता. ठमाबाई दारात दिसताच आप्पासाहेब उभे राहिले. भलेभले पुढारी आले तरी ते खुर्ची सोडत नसत, पण या भाजीवाल्या बाईसाठी नेहमी उठायचे. साहेबांना कष्टाच्या माणसाची कदर आहे, असं निकिता मैत्रिणींना अभिमानानं सांगायची.

"निकिता," आप्पासाहेब म्हणाले, "आज तू एक माणूस वाचवलास. आणि माझ्या पोराला एका जन्माच्या पश्चात्तापातून सोडवलंस. मला तुझा अभिमान वाटतो."

इंद्रजित उठला.

"सिस्टर, माझं चुकलं. तुम्ही थांबवलंत म्हणून बरं झालं." मग तो वडिलांकडे वळला. "पण बाबा, एक विचारू? पुण्यातल्या हॉस्पिटलांतही अशा याद्या आहेत. बाकीचे प्रश्न तेच. हे शेवटचं वाक्य मात्र मी कुठंच वाचलेलं नाही. सिस्टरनं म्हणावं आणि डॉक्टरनं थांबावं. इतकं स्पष्ट लिहायची हिंमत कुणाची झाली? कुठल्या सर्जनचं आहे ते?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी ठमाबाईकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, डाक्टरसाहेब," ठमाबाई म्हणाली. "जुनं झालं ते."

"नको, ठमाबाई. आज पोरांना कळू दे."

ठमाबाईनं पदर सावरला आणि लेकीकडे बघितलं.

"त्ये वाक्य माझं हाय," ती म्हणाली. "ह्या डाक्टरसाहेबांनी आपरेशनात इसरलेलं फडकं चार म्हयनं माझ्या पोटात ऱ्हायलं व्हतं, तवा कोर्टात न जाता मी ह्यांच्याकडनं येवढंच लिवून घेतलं."