घट्ट बसलेला टप

नवऱ्याच्या जुन्या, दोनच सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌स कारमधून दर रविवारी फेरफटका मारायचा, हा त्या घरचा शिरस्ता. वाटेत तो अखंड बोलायचा, वारा त्याचा शब्दन्‌शब्द उडवून न्यायचा आणि बायको आपली हसतमुखाने मान डोलवायची. संसार कसा दृष्ट लागण्यासारखा चालला होता.

पण केसांचा पार झाडू व्हायला लागला, तेव्हा तिनेच गाडीवर टप, म्हणजे पक्कं छत, बसवायचा हट्ट धरला. टप उचलायला मेकॅनिक आणखी दोन माणसं घेऊन आला. त्याने टप अलगद बसवला, मागचे बोल्ट आवळले, पुढच्या खिट्ट्या लावल्या आणि कडेचं रबर दाबत म्हणाला, "वहिनी, आता मुंगीसुद्धा आत शिरणार नाही."

गाडी निघाली. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"मग, ताईची खोली आवरलीस का?" नवरा म्हणाला. "उद्या येतेय ना ती. कायमची."

ताई म्हणजे थोरल्या वन्सं. मागे आठवडाभर राहिल्या, तेव्हा बायकोला स्वतःच्याच स्वयंपाकघरात मीठ विचारून घ्यावं लागलं होतं.

"कायमची? हे कधी ठरलं?"

"अगं, गेल्या रविवारी इथेच नाही का विचारलं? केवढ्या आनंदाने मान डोलवलीस! ताई तर रडलीच. म्हणाली, भावजय मिळावी तर अशी."

बायकोने वर टपाकडे पाहिलं.

"अहो, हा टप काढता येतो का हो?"



"येतो की! फक्त उचलायला तिसरं माणूस लागतं. उद्यापासून ते घरात आहेच."