वासाचा तास

स्वप्ना डोळ्यांवर रुमाल बांधून मान ताठ करून बसली होती. तिच्या नाकाशी गजेंद्रने कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी धरली होती. डबीत भिजवलेला कापूस होता.

दुसरीच्या वर्गात वास ओळखायचा खेळ चालला होता. प्रत्येकाने घरून एक वास आणायचा होता, झाकण लावून. हिंग झालं, संत्र्याची साल झाली, कुणी तरी आजोबांचा बाम फासून आणला होता. पोरं शिंकत होती, हसत होती. बाहेर जानेवारीचं धुकं होतं, खिडक्या बंद होत्या, त्यामुळे सगळे वास वर्गातच कोंडले होते.

खरं तर वर्गशिक्षिका मृणालने हा खेळ घेतला होता तो स्वप्नासाठी. दिवाळीपासून ती पोर शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. दिवाळीच्या तोंडावर तिची आई, हेमा, भाजून गेली होती. गॅस संपला म्हणून तिने माळ्यावरचा स्टोव्ह काढला आणि त्याचा भडका उडाला, असं घरच्यांनी सांगितलं होतं. लखनौच्या महानगर कॉलनीत मराठी घरं मोजकीच. हेमाचा नवरा हृषीकेश आणि मृणालचा नवरा एकाच संशोधन संस्थेत होते. पोलीस चौकशीला आले, तेव्हा मृणालनेच त्यांना सांगितलं होतं, "बहुत अच्छा घर है. कभी ऊँची आवाज़ तक नहीं सुनी." आणि ते खोटं नव्हतं. हेमाच्या सासूबाई, लीलावतीकाकू, त्या दिवसांत भिंतीला टेकून बसत आणि नातीला मांडीवरून उतरू देत नसत. हृषीकेश तर अर्धा झाला होता. तरी रोज सकाळी स्कूटरवरून लेकीला सोडायला यायचा. फाटकाशी तिच्यासमोर उकिडवा बसायचा, तिचा स्वेटर सारखा करायचा, कानात काही तरी सांगायचा. ती मान हलवायची. ते पाहून मृणालला भरून यायचं.

गजेंद्रच्या डबीत काय आहे, हे तिला वास फळ्यापर्यंत आला तेव्हा कळलं.

रॉकेल.

"गजेंद्र! हटाओ उसे!" ती बाकांमधून धावली.

पण स्वप्ना रडली नाही. मागेही सरकली नाही. तिने पुन्हा एकदा श्वास ओढला. मग ती बोलली, इतक्या दिवसांनी, आणि तेही मराठीत. वर्गात ते एकट्या मृणालला कळलं.

"आजीचे हात."

मृणालने तिला ऑफिसात नेलं, रुमाल सोडला, स्वतःची शाल तिच्याभोवती गुंडाळली.

"आजी स्टोव्ह पेटवायची का गं, राणी?"

"नाही. आमच्याकडे गॅस आहे."

"मग हा वास?"

स्वप्ना शालीच्या गोंड्यांशी चाळा करत राहिली. मग धडा वाचावा तसं एका सुरात सांगू लागली. "आजीने स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली. मग मला उचलून गच्चीवर नेलं. आई दार वाजवत होती. मला ऐकू येत होतं. मग आजीने माझे कान दाबून धरले. हातांना हाच वास येत होता." तिने वर पाहिलं. "टीचर, पाणी."

पाणी पिऊन झाल्यावर ती शालीत शिरली.

मुख्याध्यापिका नीलम मॅडम टेबलापलीकडे उभ्या होत्या. मृणालने त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. अर्ध्यातच त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला.

"मैं अभी थाने फोन करती हूँ."

मृणालने फोनवर हात ठेवला. "नहीं, मॅडम. पहले इसके पापा को बताना होगा. पत्नी उनकी गई है. और माँ भी उन्हीं की है. पुलिस से सुनेंगे तो मर जाएँगे."

नीलम मॅडमनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग संस्थेचा नंबर फिरवला.

हृषीकेश आला तेव्हा त्याच्या मफलरवर धुक्याचे थेंब होते. फोनवर त्याला फक्त "लगेच या" एवढंच सांगितलं होतं. लेक ठीक दिसली तसा तो सुटल्यासारखा खुर्चीत बसला. मृणालने बोलायला सुरुवात केली. जपून, एकेक शब्द निवडून. गजेंद्रची डबी, रॉकेल, आजीचे हात, बाहेरून लावलेली कडी, गच्ची. बोलता बोलता ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तो ओरडेल, अंगावर धावून येईल, माझ्या आईबद्दल असं बोलायची हिंमत कशी झाली म्हणेल, नाही तर तिथेच कोसळेल. कशालाही तिची तयारी होती.

हृषीकेशने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे खरं आहे का, असंही विचारलं नाही. फक्त नीलम मॅडमकडे एकदा पाहिलं, मग फोनकडे.

"अजून कुणाला सांगितलंय?"

"नाही. तुम्हालाच आधी."

त्याने मान डोलावली. उठला. स्वप्नासमोर उकिडवा बसला आणि तिच्या खांद्यांवरची शाल हलकेच काढून घेतली. आवाज अगदी मऊ होता, रोज फाटकाशी असायचा तसा. आज मृणाल एवढ्या जवळ होती की तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

"स्वप्ना, बाबाला काय वचन दिलं होतंस?"