एकशे बेचाळीस ओळखी

"आई, एक फोटो दे ना यार. बिना फोटोचं प्रोफाइल कोण बघतं?"

"किल्ल्याचा लाव," आई म्हणाली. तिने डब्यातला टोस्ट काढून कानाजवळ मोडला. कट्‌. "याला अजून दोन मिनिटं भट्टीत हवी होती."

कुमुदिनीने नोकरीच्या साइटवर आईच्या प्रोफाइलला किल्ला लावला. खाली टाइप केलं: वनमाला शिर्के, ग्वाल्हेर. बिस्कीट कारखाना, पॅकिंग सुपरवायझर, अकरा वर्षं.

"शिक्षण?"

"बारावी लिही."

"आणि पुढे?"

"पुढच्या कागदांचा मेळ बसत नाही. बारावीच लिही."

नापास झाली असणार, कुमूला वाटलं. तिने विषय वाढवला नाही. आईची एवढी इज्जत तर ठेवायलाच हवी.

आईचा कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन झाला होता. नवा बोर्ड लागला, नवे गणवेश आले, मिठाईसुद्धा वाटली. आठवड्याने नोटीस लागली की पॅकिंगचं काम महिनाअखेर इंदूरला जाणार. म्हणजे थाटीपुरचं घर सोडून भोपाळला, बाबा नोकरीसाठी राहत होते त्या एका खोलीत. म्हणजे कुमूची अकरावी अर्ध्यात. आणि शाळेच्या वादविवाद संघाची ती आत्ताच कुठे कॅप्टन झाली होती!

"टेंशन नको घेऊ," तिने जाहीर केलं. "जमाना नेटवर्किंगचा आहे. तुला जॉब मी लावून देते."

"लावा, बाईसाहेब. आधी चार पोळ्या लाटा."

चार दिवसांत कुमूने आईच्या नावाने एकशे बेचाळीस लोकांना विनंत्या पाठवल्या. पाटणकर बाजारात वह्या घेताना, रिक्षात, दात घासताना. दर पाच मिनिटांनी फोन. सदतीस जण जोडले गेले. एका काकांनी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं. दुसऱ्यांनी आईलाच विमा विकायला काढला.

"झालं का तुझं नेटवर्क?" आईने विचारलं.

"हो रहा है, हो रहा है. बीचमध्ये बोलू नको."

सोमवारी मानसिंगराव घाटगे जोडले गेले. नव्या कंपनीचे प्रयोगशाळा प्रमुख, इंदूर. त्यांचा निरोप वाचताना कुमू उठूनच उभी राहिली.

"वनमालाताई, आपण ग्वाल्हेरच्या आणि याच धंद्यातल्या, म्हणून विचारतो. ग्वाल्हेरच्या कारखान्यात आम्ही तपासणीची प्रयोगशाळा काढतो आहोत. वीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली दुर्गा नावाची मुलगी होती. लग्न झालं आणि पत्ता हरवला. आडनाव आता बदललेलंच असणार, म्हणून नावावरून शोधतो आहे. जागा तिच्यासाठी ठेवली आहे. ओळखता का?"

कुमूने तीनदा वाचलं. मग आई होऊन लिहिलं, "त्या नाही सापडल्या तर?"

"शुक्रवारपर्यंत वाट बघीन. मग तुमचा विचार करता येईल. अकरा वर्षं काही कमी नाहीत."

शुक्रवार! चार दिवस!

आईला विचारावं असं एकदा मनात आलं. पण आई म्हणजे हरिश्चंद्राची सख्खी बहीण. दुसऱ्याची जागा आहे म्हटल्यावर ती मुरारपासून लष्करपर्यंत गल्लीगल्ली फिरेल आणि त्या दुर्गेला हाताला धरून आणेल. ना बाबा ना.

मग कुमूच दुर्गा शोधत बसली, ती सापडू नये म्हणून. एक दुर्गा ब्यूटी पार्लर चालवत होती. एक शिकवण्या घेत होती. एक फोटोत नुसतीच हसत होती. यातली कुठलीही उद्या फोन उघडेल आणि म्हणेल, अय्या, घाटगे सर! गणिताच्या तासाला कुमूने वहीच्या मागच्या पानावर अकरा वेळा 'दुर्गा' लिहून खोडलं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

"प्रेमात पडलीस का काय?" आईने विचारलं.

"आई, प्लीज!"

गुरुवारी दुपारी निरोप आला. "नई सडकवर आमचे जुने वितरक आहेत. ते उद्या सकाळी दुर्गाच्या चौकशीला निघणार आहेत."

कुमू शाळेतून आल्यापासून जिन्यातच बसून होती. सकाळी निघणार. म्हणजे दुपारपर्यंत सापडणार. छोटं शहर आहे. तिने टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं.

"दुर्गाताईंना मी ओळखत होते. मागच्या दिवाळीत त्या वारल्या."

डोळे मिटून तिने पाठवून दिलं.

पंधरा मिनिटांनी उत्तर आलं.

"फार वाईट झालं. वितरकांना थांबवतो. तिच्यासारखा कान पुन्हा मिळणार नाही. असो. ताई, आपले सगळे कागद आज संध्याकाळपर्यंत पाठवा."

कुमू दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली.

"आई! जॉब! लॅबमध्ये! इथेच, ग्वाल्हेरमध्ये! मी बोलली होती ना! काढ, कागद काढ सगळे!"

आई कणकेच्या हातानेच बाहेर आली. "लॅबमध्ये?" तिने हात पुसले. पलंगाखालची ट्रंक ओढून तिने गोधड्यांच्या तळातून एक फाईल काढली. आतल्या जाड कागदावर दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो होता. आईच होती ती.

"हे काय?"

"डिप्लोमा. पहिला नंबर होता माझा."

"मग आजवर बोलली का नाही?"

"कुठे दाखवला तर म्हणायचे, हे तुमचं नावच नाही. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने वनमाला लिहिलं, त्या दिवसापासून मी वनमाला. कागद मात्र जुन्याच नावाचे राहिले. शेवटी गेले पॅकिंगला." आईने कागदावरची धूळ पदराने टिपली. "साहेब कोण आहेत गं तिथे?"

"मानसिंगराव घाटगे," कुमू हळूच म्हणाली.

आईचा चेहरा एकदम त्या फोटोतल्या मुलीसारखा झाला.

"घाटगे सर? अगं, मग कागद कशाला हवेत! त्यांना एवढंच लिही, दुर्गा अजून ग्वाल्हेरातच आहे."