पहारेकऱ्याची सुरवार

"कुसळं झटकून तरी आणायची व्हती कापडातली," माझ्याकडे तुरपाई करणारी साळुबाई कानाशी पुटपुटली. जुन्नरच्या नव्या संग्रहालयात आम्ही दोघी गुडघे टेकून, पहारेकऱ्याच्या पुतळ्याच्या सुरवारीतली कुसळं वेचत होतो.

कापड कोरं होतं, सुरवार मीच शिवलेली, आणि काचेच्या कपाटाला कुलूप. तरी रोज सकाळी पायांच्या घेराला कुसळं, आहुप्याच्या रानातून चालून आल्यासारखी.

"वाऱ्यानं येत असतील," संग्रहालयाचं काम बघणारे प्रेमचंदशेठ म्हणाले. किल्ली त्यांच्याच खिशात असायची. त्यांनी कपाटाच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. "उद्या उद्घाटन आहे, ताई. कपडे असे दिसले, तर बाकीच्या पुतळ्यांचं काम कमिटी पुण्याला देईल."

आयुष्यभर ब्लाऊज शिवल्यावर असलं काम हाती आलं होतं, ते मी सोडणार नव्हते. संध्याकाळी सुई घेतली आणि सुरवारीचे दोन्ही पाय घोट्यापाशी एकमेकांना शिवून टाकले. घेर नीट बसावा म्हणून, असं शेठना सांगितलं. "आणखी चार टाके घाला," एवढंच ते म्हणाले, आणि कुलूप लावून फटींवर पुन्हा चिकटपट्टी मारली.

सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. टाके तुटले होते, कुसळं गुडघ्यापर्यंत चढली होती, आणि प्लास्टरच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता.

मी पुन्हा दोरा ओवला. साळुबाईनं सुई माझ्या हातातून घेतली, लेकराचा काढावा तसा काटा काढला आणि पदरानं तो पाय पुसला.

"शिवू नका, ताई," ती म्हणाली. "चपला द्या त्याला. लई लांब जाऊन येतंय."