बयाबाईचा पाट

"हितं बस. पाय पोटाशी घे," गेनबा म्हणाला. "आईच्या पोटात असतं तसं."

अंगणात गूळ करायची मोठी काहील ठेवली होती. तिच्यात पाणी, पाण्यावर तुपाचे थेंब. सावळाराम तिच्याकडे बघत उभा राहिला. रंगूनच्या जपानी तुरुंगातून सुटून तो आदल्या दिवशीच उत्रोलीत आला होता. चुलत्याने, गेनबाने, त्याला ओसरी चढू दिली नव्हती. तो गोठ्यात झोपला होता.

"तात्या, म्या जिता हाय की."

"दिसतंय रं. पन सरकारच्या तारेत आलं, तुजं इमान परतलं न्हाई. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला, नीरेच्या काठाला जाळला. तुजं दिवस घातलं आमी. आता मागं कसं फिरायचं?"

"मागं नाहीच," भटजी म्हणाले. "यातून बाहेर आलास की नवा जन्म. बारसं करू. कोंडिबा नाव चांगलं आहे."

विमानात सावळाराम पाठीमागच्या बंदुकीवर असे, शेपटीकडे तोंड करून, गुडघे दुमडून. आराकानात विमान पडलं तेव्हा पुढे बसलेला वैमानिक जागीच गेला. त्यानंतर दीड वर्ष सावळारामला नाव नव्हतं, आकडा होता.

"सकाळ-सांज आकडा जपानीत वरडायचा. चुकला की बांबू," तो म्हणाला. "वरडून झालं की मनात माजं नाव घ्यायचो. जपान्यास्नी न्हाई काढता आलं, भटजी. तुमी काढताय."

दारात त्याची बायको बयाबाई उभी होती. कपाळ मोकळं, हात रिकामे. तिच्याकडे पाहून सावळारामने एक पाय काहिलीत घातला.

"ह्ये केलं की बया माजी?"

भटजींनी घसा साफ केला. "ती विधवा. विधवेचं लग्न लागत नाही. तुमच्यात पाट लावतात, तो लावा. मात्र यापुढं तिनं कुणाच्या हळदीला, ओटीला पुढं व्हायचं नाही."

"आनि पयल्या नवऱ्याच्या मुखड्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पुजायचा," गेनबा म्हणाला. "न्हाईतर पाटाच्या बाईला त्यो लई तरास देतो."

"कोन देतो?"

"पयला."

"पयला म्या!"

"त्यो मेला," गेनबा शांतपणे म्हणाला.

बयाबाई पायऱ्या उतरली. सगळ्यांसमोर तिने नवऱ्याचं मनगट धरलं, त्याला काहिलीतून बाहेर ओढलं आणि ओसरीवर नेऊन बसवलं. मग ती वळली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"मामंजी, सोनाराला बोलवा. टाक करायचाय न्हवं? ह्ये हितं बसल्यात. नाकडोळं नीट बघून घडवू द्या."