छताचा तुकडा

न्यायाचं दार सर्वांना उघडं असतं, असं वनमालाबाईंनी शाळेत तीस वर्षं शिकवलं. नेमकं कुठलं दार, हे पुस्तकात नव्हतं.

आजारी नवऱ्याच्या उशीशेजारी पडलेला छताचा तुकडा पिशवीत घेऊन त्या खालच्या मजल्यावरच्या दिवाणी न्यायालयात गेल्या. "भाड्याचं घर? मग वरच्या मजल्यावर, लघुवाद न्यायालयात." वरचा कारकून म्हणाला, "दुरुस्तीचा दावा? तो खाली."

जिन्यात घरमालक केळुसकर भेटला. "चढा-उतरा बाई, गुडघ्यांना व्यायाम! छताला मी हात लावणार नाही."

पाचव्या फेरीला त्यांनी तो तुकडा वरच्या कारकुनाच्या टेबलावर आदळला. "हे बघा आणि अर्ज घ्या!"

कारकुनाने दचकून आधी स्वतःच्या डोक्यावर पाहिलं. "आमचं पुन्हा पडलं?"

न्यायालयाची इमारतही भाड्याची होती. मालक केळुसकरच.